बालवाडीचा हिशेब

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत एका घरमालक कंपनीने पडीक इमारती घेतल्या, दुरुस्त केल्या आणि कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप सकाळीच कामावर जात. शाळेचं वय न झालेली पोरं मग दिवसभर जिन्यांवरून हुंदडत, भिंती खरवडत, नुकताच दिलेला रंग उडवत. कंपनीचा कारभार पाहणारा इंजिनीअर एदोआर्दो तालामो हिशेबी माणूस होता. भिंती पुन्हा पुन्हा रंगवण्यापेक्षा एक खोली मोकळी करून पोरं सांभाळायला एक बाई ठेवणं स्वस्त पडेल, हे त्याच्या लक्षात आलं. ती खोली ज्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली झाली त्या मारिया माँटेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नास-साठ मुलं घेऊन त्यांचं पहिलं बालघर सुरू झालं. पुढे जगभर ज्या नावावर भरमसाट फिया आकारल्या गेल्या, त्या पद्धतीचा जन्म इमारतीच्या डागडुजीचा खर्च वाचवण्यातून झालेला आहे.

त्या काळात मुंबईच्या गिरणगावात पोरं सांभाळण्याची याहून स्वस्त सोय होती. तिचं नाव बाळागोळी. आई पाळीवर जाण्याआधी तान्ह्याला अफूची बारीक गोळी चाटवी. पोर संध्याकाळपर्यंत गुंगीत पडून राही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीकामगार बायकांची सरकारी पाहणी केली, तेव्हा या बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण घरात म्हातारं माणूस नाही, शेजारीण स्वतःच कामावर आणि खाडा केला तर रोज बुडतो, अशा बाईने करायचं काय, याचं उत्तर ना मालकांकडे होतं ना सरकारकडे. पाळणाघरं निघाली ती मोजक्या गिरण्यांत, तीही अपवाद म्हणून.

रोमची खोली आणि परळची बाळागोळी यांच्यामध्ये कुठेतरी आपल्याकडच्या बालशिक्षणाची गोष्ट सुरू होते. ती सुरू होते मात्र गिरणगावापासून बरीच दूर, काठेवाडात.

भावनगरला नानाभाई भट्ट यांची दक्षिणामूर्ती ही संस्था होती. वकिली सोडून तिथे आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं. आपल्या मुलाला कसं शिकवावं या काळजीत असताना त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचं लेखन पडलं होतं. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांत इतका रमे की गुजरातीत त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत. १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. अमरावतीचा संसार मोडलेला, पदरात एक मुलगी. चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्या भावनगरच्या टेकडीवर लहान मुलांत जाऊन बसल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीतून निघाली, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही आणली.

खर्चाचा प्रश्न भावनगरलाच उभा राहिला असणार, कारण माँटेसरी पद्धत उभी असते ती साधनांवर. त्यातली दट्टापेटी घ्या. लाकडाच्या लांबट ठोकळ्याला दहा भोकं, त्यांत बसणारे मूठवाले दहा दट्टे. प्रत्येक दट्टा शेजारच्यापेक्षा किंचित जाड किंवा किंचित उंच. मुलाने एखादा दट्टा चुकीच्या, मोठ्या भोकात टाकला तर शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि तो कुठेच जात नाही. मग मूल स्वतःच सगळे काढतं आणि पुन्हा मांडतं. बाईंनी ‘चुकलं’ म्हणायची गरजच पडत नाही. सगळी गंमत या न बोलण्यात आहे. पण त्यासाठी सुतारकाम अगदी काटेकोर लागतं. दट्टा सैल झाला की तो कुठल्याही भोकात बसतो आणि पेटी निव्वळ खेळणं होऊन राहते. गुलाबी मनोऱ्याचंही तसंच: एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, त्यांच्या मापात खोट चालत नाही. असा पुरा संच घ्यायचा म्हणजे खेड्यातल्या शाळेच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. त्यातून माँटेसरीबाईंचा आग्रह असा, की साधनं अधिकृत हवीत आणि शिक्षकही आपल्याच अभ्यासक्रमातून तयार झालेला हवा. त्यांच्या बाजूनेही बोलता येईल. भ्रष्ट नकला निघून पद्धतीचं नाव खराब होतं, हा अनुभव त्यांना आलेला होता. पण परिणाम व्हायचा तोच झाला. झोपडपट्टीत जन्मलेली पद्धत बंगल्यांत राहायला गेली.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी माँटेसरीबाईंच्या शिक्षकवर्गापुढे बोलले, तेव्हा असं शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे तर गरिबातल्या गरीब मुलांनाही मिळो, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून बाई स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे अडकून पडल्या आणि त्या वर्षांत त्यांनी इथले शेकडो शिक्षक तयार केले. गिजुभाई मात्र त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. ताराबाई तोवर मुंबईत आल्या होत्या. १९३६ साली त्यांनी दादरला ‘शिशुविहार’ काढला, त्याला जोडून बालशिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर चालवलं. दादरचा पांढरपेशा पालक हौशी आणि फी भरू शकणारा. शिशुविहार नावारूपाला आला. तिथेच थांबल्या असत्या तरी एक नामांकित संस्था काढलेल्या बाई म्हणून ताराबाईंचं नाव राहिलं असतं.

त्या थांबल्या नाहीत. १९४५ च्या सुमारास त्यांनी खेड्यात जायचं ठरवलं तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. जागा निवडली बोर्डी. डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाचं, घोलवड स्टेशनापासून जवळ, समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या, सुरूची बनं, आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजींनी नावारूपाला आणलेलं हायस्कूल. वरकरणी सुखवस्तू गाव. पण गावाच्या पाठीमागे, डोंगराकडे, वारल्यांचे पाडे सुरू होत.

आणि १९४५ हे वर्ष साधं नव्हतं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरीला परिषद घेतली होती. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी वारल्यांनी झुगारून दिल्या होत्या. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि मग नवराबायकोने त्याच्याच शेतावर राबत राहायचं, याला लग्नगडी म्हणत. मागणी काय होती, तर दिवसाला किमान १२ आणे मजुरी. ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या हंगामात संप पेटला, १० तारखेला तलवाड्याजवळ जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि माणसं मेली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, बोर्डीत ताराबाईंचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. लाल बावटा आणि बालवाडी यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दोन्हीकडची माणसंही वेगळ्या विचारांची. पण ज्या भागात १२ आण्यांसाठी गोळ्या झेलाव्या लागत होत्या, तिथे बालशिक्षणाची फी किती ठेवता येईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

ताराबाईंबरोबर आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, खेड्यातल्या शाळांत शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत. रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. खेड्यात यायला कोण तयार आहे हा ताराबाईंचा प्रश्न आणि अनुताईंचा होकार, एवढ्यावर पुढची सत्तेचाळीस वर्षं ठरून गेली.

बोर्डीची बालवाडी भरली, पण गावातल्या बऱ्या घरच्या मुलांनी. हरिजनवाड्यातली पोरं येईनात. बोलावणी झाली, आर्जवं झाली. घरी पाहावं तर आई कामावर गेलेली, पोर आंघोळीवाचून, अंगावर धड कपडा नाही. आणायचं कुणी आणि कसं? शिवाय गावातल्या मुलांशेजारी त्यांना बसू द्यायची तयारीही सगळ्यांची नव्हती. ताराबाईंनी मग उलटा विचार केला. मुलं येत नाहीत तर बालवाडी तिथे जाईल. वाड्यातल्याच एखाद्या घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, झाडाच्या सावलीला, रोज ठरल्या वेळी ताई जाऊन बसू लागल्या. भाडं नाही, बाकं नाहीत, घंटा नाही. तिला त्यांनी अंगणवाडी म्हटलं.

अंगणवाडीचा दिवस सुरू होई तो पाण्याने. तोंडं धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, जमेल तशी आंघोळ. आज वाचताना इथे थोडं थबकायला होतं. गरिबाच्या पोराला आधी स्वच्छ करून घ्यायचं, यात सुधारकी वरचढपणाचा वास येऊ शकतो. तो थोडा असेलही. पण खरूज आणि उवांनी बेजार पोराचं लक्ष कुठल्याच साधनात लागत नाही, हेही तितकंच खरं. आणि आरसा-फणी मुलाच्याच हाती द्यायची, हे माँटेसरीबाईंच्या शिस्तीला धरूनच होतं.

मग साधनं. बोर्डीचा किनारा शिंपल्यांनी भरलेला. शिंपले, शंख, खडे, चिंचोके, गुंजा, सागरगोटे, पानं, फुलं, काड्या, माती. लहान-मोठं लावायला शिंपले, रंग ओळखायला फुलं, मोजायला चिंचोके, बोटांना वळण द्यायला माती. जे फुकट मिळेल ते गोळा केलं एवढंच यात नव्हतं. दट्टापेटीतलं मर्म हरवू न देता ती कशाने तरी बदलायची, हा खरा पेच होता. बांबूच्या चढत्या लांबीच्या कांड्या ओळीने लावल्या की जिना तयार होतो. एक कांडी चुकली की पायरी मोडलेली दिसते. मूल ते बघतं आणि दुरुस्त करतं. ताईने बोलायचं काम नाही. पण कुठल्या कांड्या घ्यायच्या, फरक किती ठेवायचा, कुठल्या मुलापुढे आज काय मांडायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्या ताईला पक्कं ठाऊक असावं लागतं. म्हणजे साधनातली अक्कल आता माणसात यायला हवी. ताराबाईंनी इमारत, सामान आणि फी यांत हवी तितकी काटकसर केली. ताईच्या शिक्षणात केली नाही. बोर्डीतही आणि नंतरही बालवाडीच्या जोडीला शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर राहिलंच.

१९५७ च्या सुमारास सारा पसारा जवळच्या कोसबादच्या टेकडीवर हलला. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतीसंस्था तिथे होती. आता शाळा थेट वारली पाड्यांच्या मधोमध. इथे नवीच अडचण आली. पाड्यावरच्या सहा-सात वर्षांच्या पोराला शाळेसाठी वेळ नव्हता. तो गुरांमागे रानात. म्हणून अंगणवाडीच्याच न्यायाने कुरणशाळा निघाली. ताई पिशवीत सामान घालून कुरणात जायची, गुरं चरत असताना झाडाखाली वर्ग भरायचा. एखादी गाय पिकात शिरली की अर्धा वर्ग उठून पळायचा, हे धरूनच चालायचं.

पोरींची अडचण याहून अवघड होती. कमरेवर धाकटं भावंड. आई मजुरीला, पावसाळ्यात आवणीला, नंतर गवतकापणीला, पुढे वीटभट्टीवर. मग तान्हं कुणी सांभाळायचं? सात-आठ वर्षांच्या ताईने. तिला शाळेत बसवायचं तर कमरेवरचं पोर कुठेतरी ठेवायला हवं. गिरणगावातल्या बाईने जो प्रश्न बाळागोळीने सोडवला होता, तोच हा प्रश्न. फक्त इथे गोळीऐवजी एका मुलीचं बालपण खर्ची पडत होतं. कोसबादने काढलेलं उत्तर म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, आणि थोरली निश्चिंतपणे चौथीपर्यंतच्या वर्गात. मधल्या सुट्टीत ती येऊन भावंडाला बघून जाऊ शके.

मला विचाराल तर कोसबादने महाराष्ट्राला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. शाळागळतीवर आपल्याकडे ढीगभर अहवाल लिहिले गेले. मुलगी शाळेत यायला हवी असेल तर आधी तिच्या कडेवरच्या पोराची सोय करा, ही साधी गोष्ट त्या टेकडीवर प्रत्यक्ष चालवून दाखवलेली होती. कायद्याने मात्र या दोन गोष्टी कायम वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं, पण ते ठरावीक संख्येहून जास्त बायका कामाला असतील तिथे. गवत कापणाऱ्या बाईचा कारखाना कुठला?

या सगळ्याचा खर्च कोण उचलत होतं? देणग्या होत्या, सरकारी अनुदान होतं, ते कधी उशिरा येई तर कधी अपुरं. पण हिशेबात कधीच न दाखवलेली एक मोठी रक्कम होती, आणि ती या दोन बायकांची होती. संसार नाही, साठवण नाही, स्वतःसाठी मागणं नाही. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री; दोघींच्या राहणीत फरक पडला नाही. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचं पुस्तक लोकांनी त्यागाची कहाणी म्हणून वाचलं. मला त्यात एक धोकाही दिसतो. कोसबादची बालवाडी स्वस्तात चालत होती ती केवळ शिंपले-चिंचोक्यांमुळे नव्हे. दोन अत्यंत हुशार, उत्तम शिकलेल्या बायका आपलं आयुष्य जवळपास फुकट देत होत्या, हे त्यातलं मोठं कारण होतं. स्वेच्छेने केलेली ही सूट पुढे कुणीतरी दर म्हणून धरेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

आणि तसंच झालं. स्वातंत्र्याआधीच, १९४४ च्या सार्जंट योजनेने १० लाख मुलांसाठी बालशाळांची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत सक्तीचं शिक्षण द्यायचं ठरवलं. पण बालवाडी सेवाभावी संस्थांवरच राहिली. १९७२ साली मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने शाळापूर्व वयातल्या मुलांचं पोषण, आरोग्य आणि शिक्षण एकत्र बघण्याचा आग्रह धरला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभर ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी.

नाव आलं, अंगणही आलं. ताई कुठली आली ते बघा. योजनेच्या सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-आहाराचं शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. या सहाही सेवांशी जोडलेली बाई एकच. तीच वजनं घेणार, खिचडी वाटणार, गरोदर बायकांच्या घरी जाणार, नोंदवह्या भरणार, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवणार. तिला कर्मचारी म्हणायचं नाही, कारण ती गावातली मानसेवी कार्यकर्ती. पगार नाही, मानधन. सुरुवातीला मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये, न झालेलीला १००. मदतनीस बाईला ३५. कोसबादला ताईच्या तयारीवर जो भर होता तो इथे काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आला. म्हणजे ताराबाईंनी जिथे काटकसर केली ती सरकारने उचलली, आणि जिथे मुद्दाम केली नव्हती तिथेही केली.

तरी योजना फुकट गेली असं मी म्हणणार नाही. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. दुर्गम पाड्यावर सरकार म्हणून जे काही पोचतं त्यात बहुतेकदा पहिली तीच पोचलेली असते. लस, वजनकाटा, गरम खाणं हे कमी नाही. पण शिकवण्याचा भाग कायम शेवटी राहिला. म्हणूनच पाड्यावरचा बापसुद्धा चार पैसे आले की पोराला तालुक्याच्या इंग्रजी बालवर्गात घालायला धडपडतो. तिथे तीन वर्षांचं पोर बाकावर बसून एबीसीडी गिरवतं. दट्टापेटी तिथेही नाही; फी मात्र आहे.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या खालच्या मुलांसाठी राज्यसंस्थेने प्रयत्नशील राहावं, असं कलम ४५ मध्ये लिहिलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था सरकार करू शकेल, एवढंच म्हटलं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा झाला आणि अंगणवाडी त्या पायात आली. जबाबदारी वाढली, सेविका मानसेवी ती मानसेवीच.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. त्यांचं काम अर्धवेळ आहे हा सरकारी युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. त्यानंतरही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका मानधनवाढ, पेन्शन आणि याच ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या. संप दीड महिन्याहून जास्त चालला. केंद्राने ठरवलेलं मानधन तेव्हा महिना ४,५०० रुपये होतं. ते शेवटचं वाढलं होतं ऑक्टोबर २०१८ मध्ये.